मनगटातील बळ आणि रोहिणीदाह

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या कार्याचा आरंभ ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून झाला. लेथ असो वा जुळणीचे टेबल, कारखान्यात मनगटाच्या जोरावरच भाकर मिळते. तेथे हातातील बळ ओसरू लागले की त्याचा बोभाटा होतो. तेच घरातील सुनेचे ओसरले, तर ‘थकली असेल’ एवढ्यावर भागते. म्हणूनच एका रोगाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

ताकायासू नामक जपानी नेत्रवैद्याने १९०८ साली वर्णिलेला हा रोहिणीदाह बहुधा चाळिशीच्या आतील स्त्रियांस जडतो. शुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या मोठ्या रोहिणींच्या भिंती सुजतात व आतील मार्ग अरुंद होतो. कपडे पिळताना हात भरून येतो, मनगटाची नाडी मंद लागते. अशा हातावर रक्तदाब कमी भरतो आणि शरीरातील खरा वाढलेला दाब लपून राहतो. यास्तव तो दोन्ही हातांवर, प्रसंगी पायांवरही मोजला पाहिजे.

बळ तीन वाटांनी जाते. स्नायूंस रक्त अपुरे पडते. दाह शरीर झिजवतो. आणि दाह शमविणारे स्टेरॉइड दीर्घकाळ घेतल्यास मांड्या व खांदे दुर्बळ करते, हाडे ठिसूळ करते. मग पाटावरून उठणे जड जाते, तोल जातो, अस्थिभंगाचे भय वाढते. स्नायुक्षय ओळखण्यासाठी आशियाई तज्ज्ञांनी २०१९ साली मुठीच्या पकडीची किमान मर्यादा पुरुषांस २८ व स्त्रियांस १८ किलो ठरविली. हे माप वयस्कांसाठी असले, तरी पकड मोजून नोंदवीत राहणे कोणत्याही वयात हिताचे.

तथापि दुष्परिणामांच्या भयाने स्टेरॉइड एकाएकी थांबविणे प्राणावर बेतू शकते. कारण शरीराची तत्सम रस निर्माण करण्याची शक्ती तोवर मंदावलेली असते. मात्रा डॉक्टरांनीच उतरवावी.

रोग्याने केवळ पडून राहावे, हा वडीलधाऱ्यांचा आग्रह प्रेमळ खरा, पण निजून स्नायू अधिकच झिजतात. रोग आटोक्यात आल्यावर डॉक्टरांच्या अनुमतीने बेताचा व्यायाम हवा. आणि शेवटच्या पंगतीस बसणाऱ्या सुनेच्या पानात वरण, दही पुरेसे उरते की नाही, हे पाहणे औषधोपचाराचाच भाग होय, असे आम्हांस वाटते.