अहवालातील आकडे कसे वाचावेत?

जाडजूड सरकारी अहवाल पाहिला की ‘हे काही आपल्यासाठी नाही’ असे तुम्हांला वाटते ना? पण पाम, तारापूर, बोईसर या भागात राहणाऱ्या मुलांनी तरी असे म्हणू नये. जवळच, डहाणू तालुक्यात, वाढवण बंदर होणार आहे. त्याच्या पर्यावरण-अहवालावर १९ जानेवारी २०२४ रोजी पालघरला जनसुनावणी झाली. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार अशा अहवालाचा सारांश लोकांना त्यांच्या भाषेत मिळाला पाहिजे. तो हाती आला, तर वाचायचा कसा?

प्रथम आकडे घ्या. समुद्रात १,४४८ हेक्टरांवर भराव घालायचा आहे. म्हणजे १ कोटी ४४ लाख ८० हजार चौरस मीटर. त्यासाठी वाळू लागणार सुमारे २० कोटी घनमीटर. आता भागाकार करा. थराची सरासरी जाडी येते सुमारे १४ मीटर, म्हणजे चार मजली इमारतीएवढी! लगेच पुढचा प्रश्न सुचतो : एवढी वाळू आणायची कोठून? उत्तर आहे, दमणजवळच्या समुद्रतळातून. मग त्या तळावरील जीवांचे काय होईल? पाहा, एका भागाकाराने आपल्याला नेमक्या प्रश्नाशी आणून सोडले.

दुसरा आकडा आहे १०.१४ किलोमीटर. ही लाटरोधक बांधाची लांबी. लाटेची ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. उंची निम्मी झाली, की ऊर्जा पावच उरते. बांधामागे पाणी शांत होते, जहाजांची सोय होते. पण शांत पाण्यात गाळ खाली बसतो. घरी गढूळ पाण्याचा पेला स्थिर ठेवून पाहा. म्हणून गाळ कोठे साचेल आणि किनारा कोठे झिजेल, याचे उत्तर अहवालात शोधायचे. किनाऱ्यावरील मच्छीमारांचे पोट त्यावर अवलंबून आहे.

आणखी एक गोष्ट. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये याच जागी बंदराला नकार दिला होता. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटी घालून परवानगी दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. जागा तीच, निर्णय वेगळा. मग मधल्या काळात काय बदलले? बंदराचा आराखडा, नियम, की मोजमापे? जुना आणि नवा कागद शेजारी ठेवून हे पाहावे लागते.

प्रयोगवहीत तुम्ही काय लिहिता? काय गृहीत धरले, काय मोजले, किती चूक संभवते. अहवालालाही हेच तीन प्रश्न विचारा. मोजणी पावसाळ्यातही केली होती का? भरती-ओहोटी धरली का? बंदराच्या बाजूचे असा वा विरुद्ध, आधी हिशेब तपासा. पुढच्या जनसुनावणीला आजोबा निघाले, तर सारांश त्यांना वाचून दाखवा. आणि हो, पेन्सिल बरोबर असू द्या!