हुमनाबाद : रुळांच्या आधीचं जंक्शन

हुमनाबाद वाढलं ते चौरस्त्यावर. सोलापूर-हैदराबाद हमरस्त्याला बीदरहून कलबुर्गीकडे जाणारा रस्ता इथे छेदतो आणि गावाचं तोंड आजही त्या रस्त्यांकडेच आहे. रेल्वे इथे फार उशिरा आली. त्या उशिराने गाव कसं घडलं, हे समजायला शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या वाडी या गावाकडे पाहावं लागतं.

माणिकप्रभूंनी १८६५ साली गावालगतच्या माणिकनगरात समाधी घेतली, तेव्हा मुंबईची आगगाडी सोलापूरपर्यंत पोचून पाच वर्षं झाली होती. मराठी, कानडी, उर्दू अशा भाषांत पदं रचणाऱ्या या दत्तभक्ताच्या दरबाराला माणसं बैलगाडीने नि पायी यायची. रूळ पुढे सरकले, पण हुमनाबादला डावलून. १८७१ मध्ये ते रायचूरला मद्रासच्या मार्गाला भिडले. १८७४ मध्ये निजामाच्या पैशाने वाडीहून सिकंदराबादला फाटा निघाला आणि वाडी जंक्शन झालं. तिथे वस्ती आली ती रेल्वेच्या मागोमाग. पुढे पायाखालच्या चुनखडीमुळे १९६८ मध्ये सिमेंटचा मोठा कारखानाही आला. वाडीचा नकाशा रुळांनी काढला.

हुमनाबादचा नकाशा मात्र रस्त्यानेच काढला. सोलापूर आणि हैदराबाद यांच्या साधारण मध्यावरचं हे गाव. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाविरुद्ध निघालेलं भारतीय सैन्यही नळदुर्ग, उमरगा, राजेश्वर असं याच वाटेने पुढे गेलं. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा मुंबई राज्यात गेले, हुमनाबाद, भालकी म्हैसूर राज्यात. सोयरीक एका राज्यात, सातबारा दुसऱ्या राज्यात, अशी घरं तयार झाली. त्यांना जोडून ठेवलं ते एसटीने. सीमाभागातल्या मराठी माणसाच्या आयुष्यात बसस्टँडला जे मोल आहे, ते मला कुठल्याही स्टेशनापेक्षा मोठं वाटतं.

रेल्वेची उणीव मात्र खरीच होती. बीदरहून कलबुर्गीला रेल्वेने जायचं तर विकाराबाद, तांडूर, वाडी असा वळसा पडे. शेजारचा जिल्हा गाठायला दुसऱ्या राज्यातून फिरून यावं लागे. थेट मार्गाला नव्वदच्या दशकात मंजुरी मिळाली, पण काम वीस वर्षं रेंगाळलं. बीदरकडून हुमनाबादपर्यंतचा तुकडा आधी झाला. पुढे डोंगर होता आणि मरगुत्तीजवळ दीड किलोमीटरहून लांब बोगदा खणावा लागला. अखेर २९ ऑक्टोबर २०१७ रोजी सुमारे ११० किलोमीटरच्या या मार्गाचं उद्घाटन झालं. खर्च १,५४२ कोटी रुपयांवर गेला होता.

हा मार्ग खरा उपयोगी पडतो तो कलबुर्गीला, कारण तिथे तो मुंबई-चेन्नई मार्गाला मिळतो. हुमनाबादच्या विद्यार्थ्याला, रोग्याला, नोकरी शोधणाऱ्या पोराला आता सोलापूर, पुणे, मुंबई रुळांवरून गाठता येतात. मात्र कलबुर्गीला पुढच्या गाडीची वेळ जुळली नाही, तर तो पुन्हा बसच धरणार. म्हणून दोन्ही मार्गांच्या वेळा जुळवून बसवणं, हे या भागातल्या लोकप्रतिनिधींनी नव्या घोषणेइतक्याच हट्टाने मागायला हवं.