शून्याच्या डावीकडचे खेळ

सातवीच्या वर्गात फळ्यावर −३ − ५ लिहून उत्तर विचारलं की बरेच हात वर होतात आणि हमखास एक उत्तर येतं: आठ. कारण विचारा, मुलं बेधडक सांगतात, "वजा वजा अधिक." नियम तोंडपाठ, आवाजात जराही शंका नाही आणि उत्तर साफ चूक. नियम गुणाकाराचा, पण तो बेरीज-वजाबाकीत शिरला आहे आणि आता तिथून हलायला तयार नाही. याच मुलांना आयपीएलचा गुणतक्ता दाखवा. गुण सारखे असताना निव्वळ धावगती −०.४ असलेला संघ वर जाणार की −१.२ वाला? एकही मूल चुकत नाही. म्हणजे ऋण संख्येची समज मुलांकडे असते. वर्गात चिन्हं आली की ती हरवते.

आपल्याकडे सहावीत पूर्णांक संख्या आणि त्यांची बेरीज-वजाबाकी येते, सातवीत गुणाकार-भागाकार. हा भाग खेळांतून शिकवावा यावर आता कोणी वाद घालत नाही. रंगीत टिकल्या, अंगणातली संख्यारेषा, पत्ते, लिफ्ट असं बरंच काही शिक्षक वर्गात वापरतात. मात्र कोणता खेळ नेमकं काय शिकवतो आणि कुठे अपुरा पडतो, याचा विचार फारसा होत नाही. 'मुलांना मजा आली' एवढ्यावर पाठ टाचणात यशस्वी ठरतो. या खेळांचा हिशेब मांडायचा तर आधी ऋण संख्येत अवघड काय आहे ते पाहायला हवं.

इ. स. ६२८ मध्ये भिल्लमाल, म्हणजे आजच्या राजस्थानातल्या भीनमाळशी जोडलेल्या ब्रह्मगुप्ताने 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम लिहून ठेवले. दोन ऋणांचा गुणाकार धन, हेही त्यात आहे. चीनमध्ये लिउ हुइ याने २६३ मध्ये 'नऊ प्रकरणे' या गणितग्रंथावर भाष्य लिहिताना धन संख्यांसाठी लाल काड्या आणि ऋण संख्यांसाठी काळ्या काड्या सांगितल्या. आजच्या दुरंगी टिकल्यांचं मूळ इतकं जुनं आहे, फक्त तोट्याचा रंग तेव्हा लाल नव्हता. युरोपात मात्र १७५८ मध्ये फ्रान्सिस मासेरेस आणि १७९६ मध्ये विल्यम फ्रेंड हे शिकलेसवरलेले गणिती ऋण संख्या बीजगणितातून काढूनच टाका म्हणत होते. स्तांदाल हा कादंबरीकार तर, ऋण गुणिले ऋण धन का होतं हे शिक्षकांना समजावता आलं नाही, अशी तक्रार आत्मचरित्रात लिहून गेला. सहावीतलं मूल अडतं तेव्हा त्याला फार मोठ्या मंडळींची सोबत असते.

याबाबतीत सर्वांत बोलकं उदाहरण आपल्याच भास्कराचार्यांचं आहे. 'बीजगणिता'त माकडांचं एक कोडं आहे. कळपाच्या एक पंचमांशातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतकी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतं; तर कळप केवढा? समीकरण सोडवलं की ५० आणि ५ अशी दोन उत्तरं येतात. पाच घेतले तर पंचमांश एक, त्यातून तीन गेले की उणे दोन. तिचा वर्ग चार, फांदीवरचं एक मिळवलं की पाच. हिशेब चोख जुळतो. तरी भास्कराचार्य पाच हे उत्तर नाकारतात, कारण उणे दोन माकडं ही गोष्ट लोकांना पटणारी नाही. तेच भास्कराचार्य 'लीलावती'त एक त्रिकोण देतात: पाया ९, बाकीच्या बाजू १० आणि १७. लंब टाकला की पायाचा एक खंड उणे सहा येतो. इथे ते उत्तर नाकारत नाहीत. हा खंड उलट दिशेला आहे, असं सांगून पुढे जातात.

माकडांच्या कोड्यात प्रश्न 'किती' एवढाच होता. त्रिकोणात 'किती' आणि 'कोणीकडे' असे दोन प्रश्न होते. दुसरा प्रश्न आला की ऋण संख्येला अर्थ येतो. नुसत्या मोजणीत तिला जागा नसते. मूल पहिलीपासून पाचवीपर्यंत फक्त 'किती' विचारायला शिकतं आणि सहावीत आपण अचानक त्याच्यासमोर 'कोणीकडे' ठेवतो, तेही आडव्या रेघेच्या एका बारक्या चिन्हात.

हे फार नेमकं हेरलं अमेरिकेतल्या बॉब मोझेस यांनी. १९६० च्या दशकात मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी जीव धोक्यात घालून काम केलेला हा माणूस १९८० च्या दशकात केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समध्ये आपल्या मुलीच्या शाळेत बीजगणित शिकवू लागला. 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' तिथूनच उभा राहिला. बीजगणित न आलेलं मूल पुढच्या शिक्षणातून आणि नोकरीतून बाहेर फेकलं जातं, म्हणून ते येणं हा नागरी हक्काचा प्रश्न आहे, अशी त्यांची भूमिका होती. मुलं अडतात कुठे, तर 'किती'वरून 'किती आणि कोणीकडे'वर येताना, असं त्यांना दिसलं. मग त्यांनी मुलांना बॉस्टनच्या रेड लाइन मेट्रोत बसवलं. परत आल्यावर मुलांनी प्रवासाचं चित्र काढलं, त्याबद्दल आपल्या रोजच्या भाषेत लिहिलं, त्यातून सुरुवात, शेवट, दिशा, अंतर एवढंच वेगळं काढलं आणि सर्वांत शेवटी चिन्हं आणली. या सगळ्यात मेट्रोत बसणं सोपं आहे. खरं शिकवणं होतं मधल्या टप्प्यांत.

मुंबईच्या शाळेला हे जसंच्या तसं करता येईल. मध्य रेल्वेच्या धीम्या मार्गावर दादर शून्य धरा. कल्याणच्या दिशेला माटुंगा +१, सायन +२, कुर्ला +३. सीएसएमटीच्या बाजूला परळ −१, करी रोड −२, चिंचपोकळी −३, भायखळा −४. चिंचपोकळीहून सायनला जायचं तर प्रवास +५. सायनहून चिंचपोकळीला −५. आता शून्य दादरवरून उचलून कुर्ल्यावर ठेवा. चिंचपोकळी झाली −६ आणि सायन −१, सगळ्यांचे आकडे बदलले. पण प्रवास? तो +५ च राहिला. यावर मुलं वाद घालतात आणि घालू द्यावा. स्थानक ही स्थिती आणि प्रवास हा बदल, या दोन गोष्टी एकाच चिन्हाने लिहिल्या जातात, हे इथे उघडं पडतं.

एनसीईआरटीच्या सहावीच्या 'गणित प्रकाश' या २०२४ च्या पुस्तकात शेवटच्या प्रकरणात हीच कल्पना उभी केली आहे. बेलाची एक बहुमजली इमारत आहे, तळमजला शून्य, खाली आणि वर मजले, आणि लिफ्टला + आणि − अशी दोनच बटणं. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे वजाबाकीचा अर्थ. जायचा मजला वजा सुरुवातीचा मजला म्हणजे किती सरकायचं ते. २ − (−३) म्हणजे उणे तीनवरून दोनवर जायला काय दाबू? पाच वेळा +. 'वजा वजा अधिक' म्हणण्याची गरजच पडत नाही.

लिफ्ट आणि लोकल दिशा शिकवतात. रद्द होणं शिकवायला मात्र टिकल्या हव्यात, आणि महाराष्ट्रात त्यासाठी बाजारात जायला नको. चल्लस-आठच्या डावात कवड्या नसल्या की फोडलेले चिंचोके वापरतात. चिंचोका मधोमध फोडला की एक बाजू पांढरी आणि दुसरी तपकिरी. पांढरी +१, तपकिरी −१. एक पांढरी नि एक तपकिरी मिळून शून्य, त्यांनी एकमेकांना खाल्लं. पाच चिंचोके टाकायचे, बेरीज करायची, पाटीवर मांडत जायची, आधी +१० किंवा −१० ला पोचेल तो जिंकला किंवा हरला. दहा-बारा टाकींनंतर कोणीतरी म्हणतंच की पाचांत शून्य कधी येतच नाही. खरं आहे. पाचांची बेरीज फक्त ५, ३, १, −१, −३, −५ यांपैकीच असू शकते, कारण एक तपकिरी उलटून पांढरी झाली की बेरीज दोनने वाढते. चार घेतले की शून्य येतं. पुढे आणखी एक शंका निघते: पांढरी आणि तपकिरी बाजू सारख्याच वेळा पडतात का? चिंचोका नाण्यासारखा दोन्हीकडे सपाट नसतो, त्यामुळे ते मोजूनच पाहावं लागतं. एका फुकटच्या साधनातून एवढं निघत असेल तर महागड्या गणितपेट्यांचं कौतुक जरा बेतानेच करावं.

टिकल्यांची खरी परीक्षा वजाबाकीत होते. ३ − (−२) करायचं आहे, समोर तीन पांढरे आहेत, आणि दोन तपकिरी काढायचे आहेत. पण तपकिरी आहेतच कुठे? इथे बरेच शिक्षक घाईने नियम सांगून मोकळे होतात. थांबायला हवं. तीनवर दोन शून्य-जोड्या ठेवल्या, पाच पांढरे आणि दोन तपकिरी, तरी किंमत तीनच राहते. आता दोन तपकिरी उचला, पाच उरले. मूल हे स्वतः करेपर्यंत एक अख्खी तासिका जाऊ द्यावी. 'तीन म्हणजे पाच आणि उणे दोनही' हे एकदा हाताला कळलं की पुढची अर्धी वाट सरते. १९९९ मध्ये लिंचेव्स्की आणि विल्यम्स या संशोधकांनी मुलांना दुहेरी मणिपाटीवर डिस्कोत येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांची नोंद ठेवायला लावली होती. मणी संपले की मुलांना दोन्हीकडचे सारखे मणी मागे सरकवण्याची युक्ती स्वतःच काढावी लागायची. मणी मुद्दाम कमी ठेवणं यातच त्या खेळाची हुशारी होती.

अमेरिकेतल्या एका अभ्यासक्रमात स्वयंपाकी काढ्याच्या कढईत गरम आणि थंड ठोकळे टाकतात; थंड ठोकळा काढून घेतला की कढई तापते. ऋण काढून घेणं म्हणजे वाढणं, हे यातून छान दिसतं. आपल्याकडे त्याऐवजी उधारीचं उदाहरण चालतं: वाण्याने उधारी माफ केली की आपली बाजू तेवढी सावरली. जमा आणि नावे हे शब्द घराघरांत आहेत, ब्रह्मगुप्तानेही धन-ऋण हेच शब्द वापरले. तरी मला या उदाहरणाबद्दल दोन शंका आहेत. सात रुपयांचं कर्ज तीन रुपयांच्या कर्जापेक्षा मोठंच असतं, म्हणून −७ हे −३ पेक्षा मोठं, ही चूक कर्जाच्या भाषेने उलट घट्ट होते. दुसरं म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातल्या ज्या वर्गात दोन-चार घरांत खरंच सावकारी कर्ज आहे, तिथे तो खेळ होत नाही.

तापमानाचं उदाहरण पुस्तकांचं लाडकं आहे, पण आपल्या मुलांनी शून्याखालची थंडी पाहिलेली नसते. त्यापेक्षा आइस्क्रीमच्या दुकानातला −१८ दाखवणारा फ्रीझर चांगला. पत्त्यांचा खेळ, काळे धन आणि लाल ऋण, एकमेकांच्या हातातले पत्ते ओढायचे, सरावासाठी उत्तम. लाल पत्ता गेला की मूल हसतं, तेवढं पुरे.

अंगणात फक्कीने काढलेल्या संख्यारेषेबद्दल मात्र सावध राहावं. नियम असा असतो: दुसऱ्या संख्येचं चिन्ह पाहून तोंड कुठे करायचं ते ठरवा, अधिक असेल तर पुढे चाला, वजा असेल तर मागे. ४ − (−३) साठी चारवर उभं राहायचं, डावीकडे तोंड करायचं आणि तीन पावलं मागे, पोचलो सातवर. दिसायला सुरेख. पण मूल लक्षात ठेवतं ती पावलांची कवायत, आणि एका पाठ नियमाच्या जागी दुसरा येतो. संख्यारेषेवर क्रम आणि अंतर शिकवा. वजाबाकी लिफ्टवर सोपवा.

गुणाकारात खेळ संपतात. ३ × (−२) म्हणजे तीनदा उणे दोन, इथवर चिंचोके पुरतात. (−३) × (−२) साठी पाण्याच्या टाकीचा उलटा चालवलेला व्हिडिओ वगैरे दाखवतात, ते ठीक आहे, पण त्याने पटतं कमी आणि चकित व्हायला होतं जास्त. इथे सरळ गणितच करावं. (−२) × ३ = −६, (−२) × २ = −४, (−२) × १ = −२, (−२) × ० = ०. दरवेळी दोनने वाढतंय. पुढची ओळ मुलांनाच लिहू द्या. तयारीच्या वर्गात आणखी एक पायरी: ३ + (−३) शून्य, म्हणून (−२) × (३ + (−३)) शून्यच. त्यातला (−२) × ३ हा भाग −६ आहे, तर उरलेला भाग +६ असल्याशिवाय शून्य होणार नाही. सातवीच्या मुलाला हे कळतं. आपल्याला ते कठीण वाटतं, कारण आपल्याला कोणी असं सांगितलंच नव्हतं.

मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात रुची कुमार, के. सुब्रमण्यम आणि श्वेता नाईक यांनी शिक्षकांसोबत नेमक्या याच विषयावर काम केलं आहे. पूर्णांक कधी स्थिती सांगतो, कधी बदल, कधी दोन गोष्टींमधला संबंध, हे शिक्षकाला आधी स्पष्ट असलं पाहिजे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. अनेक सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर वजाबाकीचं बटण वेगळं आणि कंसातलं ऋणचिन्ह वेगळं असतं. यंत्राला जो फरक सांगावा लागतो, तो मुलाला न सांगता आपण त्याच्या वहीत फुल्या मारतो.

सहावीच्या शिक्षकांना एकच विनंती: 'वजा वजा अधिक' हे शब्द वर्षभर वर्गात उच्चारू नका. सातवीत उच्चाराल तेव्हा आधी 'गुणाकारात' म्हणा. आणि सुट्टीत घरात या वयाचं मूल असेल, तर पाच चिंचोके फोडून डाव मांडा. शून्य का येत नाही ते मात्र त्याला तुम्ही सांगू नका.