पाटीवरचं नाव

१९८८-८९ मध्ये रविवारी सकाळी ‘महाभारत’ संपलं की आमच्या आसगावात टीव्हीवाल्या घरापुढची गर्दी पांगायची. थोडेजण रेंगाळायचे. त्यांच्या कानावर मग ‘भारत एक खोज’चं समूहगान पडायचं: ऋग्वेदातलं नासदीय सूक्त आणि पाठोपाठ वसंत देवांचं हिंदी रूपांतर. शब्द अर्धेच कळत, काटा मात्र पुरता येई. मला वाटे, हे कुणा वेदपाठी पंडिताचं काम असणार. निघाले वनराज भाटिया, लंडन-पॅरिसला शिकून आलेले.

मुंबईच्या कच्छी व्यापारी घरात ३१ मे १९२७ चा जन्म. लहानपणी देवधरांच्या संगीतशाळेत हिंदुस्थानी गाणं शिकले. कुमार गंधर्व घडले ती हीच शाळा. पुढे चायकोव्हस्कीचा पियानो कन्चेर्टो ऐकला आणि पोरगा हातचा गेला. एल्फिन्स्टनमधून इंग्रजीत एम.ए., मग लंडनची रॉयल अकॅडमी, १९५४ चं सुवर्णपदक आणि शेवटी पॅरिसमध्ये नादिया बुलांजे. अमेरिकेच्या कोपलंडपासून फिलिप ग्लासपर्यंत कितीतरी संगीतकार या बाईंच्या हाताखालून गेले.

‘फँटेशिया अँड फ्यूग इन सी’ ही भाटियांची पियानोसाठीची गाजलेली रचना. फ्यूग म्हणजे काय? आपल्या खडी गंमत या लोकनाट्यात शाहिराची ओळ संपली की झीलकरी ती उचलतो. फ्यूगमध्ये दुसरा आवाज तीच ओळ वेगळ्या स्वरावरून उचलतो, पण पहिला थांबत नाही, तो स्वतःचं पुढे म्हणतच राहतो. मग तिसरा येतो, चौथा येतो. सगळे एकदम बोलतात आणि भांडण मात्र होत नाही.

रागाशी याचं जमवणं कठीण. आपल्याकडे तंबोऱ्यातला षड्ज हलत नाही. तिकडे आधाराचे सूर सारखे बदलतात, म्हणजे गवई गात असताना खालची सतरंजी कुणी सरकवत राहावी तसं. भाटिया आयुष्यभर हाच मेळ घालत बसले. अशा संगीताला आपल्याकडे गिऱ्हाईक कुठलं? पाच वर्षं दिल्ली विद्यापीठात शिकवलं, हजारो जाहिरातींना चाली दिल्या. १९७४ मध्ये श्याम बेनेगलांचा ‘अंकुर’ आला आणि समांतर सिनेमाला त्याचा संगीतकार मिळाला. त्यांचं सगळ्यात हुशार काम मला ‘भूमिका’तलं वाटतं. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावरचा हा सिनेमा. नायिकेचं वय वाढतं तसा गाण्यांचा बाजही दशकागणिक बदलतो.

‘तमस’च्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०१२ मध्ये पद्मश्री. गिरीश कर्नाडांच्या नाटकावर त्यांनी ‘अग्निवर्षा’ हा ऑपेरा लिहिला. त्याचा काही भाग सादर झाला तो न्यूयॉर्कमध्ये. जगप्रसिद्ध चेलोवादक यो-यो मा यांनी जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत त्यांची ‘रेव्हरी’ वाजवली, तेव्हा भाटिया एक्क्याण्णव वर्षांचे होते. ७ मे २०२१ रोजी मुंबईतच ते गेले.

‘भारत एक खोज’ पुन्हा लावाल तेव्हा सुरुवातीच्या पाट्या पुढे ढकलू नका. त्यांचं नाव तिथेच आहे.