स्पॅम ट्रॅप म्हणजे काय? विकतची ईमेल यादी महागात का पडते?

नंदुरबार लाल मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. समजा, इथल्या एका मिरची व्यापाऱ्याने हजारो ईमेल पत्त्यांची यादी विकत घेतली आणि सगळ्यांना जाहिरात पाठवली. ऑर्डर तर आल्या नाहीतच, उलट जुन्या ग्राहकांना पाठवलेली बिलेही स्पॅम फोल्डरमध्ये जाऊ लागली. असे का होते?

त्या यादीत ‘स्पॅम ट्रॅप’ असू शकतात. स्पॅम ट्रॅप म्हणजे सापळा म्हणून ठेवलेला ईमेल पत्ता. तो पत्ता देऊन कोणीही जाहिराती मागवलेल्या नसतात. तरीही त्यावर जाहिरात आली, तर पाठवणाऱ्याची यादी सदोष आहे हे कळते. ईमेल सेवा देणाऱ्या कंपन्या आणि १९९८ मध्ये सुरू झालेल्या स्पॅमहाउससारख्या संस्था असे सापळे लावतात.

सापळ्यांचे तीन प्रकार

१. कोरे पत्ते: हे कधीच कोणाचे नसतात. वेबपानांत लपवून ठेवलेले असतात. पत्ते गोळा करणारे प्रोग्राम ते उचलतात आणि विकतच्या याद्यांत टाकतात.

२. जुने पत्ते: एखाद्या अर्जापुरते सायबर कॅफेत उघडलेले आणि नंतर सोडून दिलेले खाते आठवा. काही कंपन्या अशी खाती बंद करतात. काही महिने त्यावरचे ईमेल परत पाठवतात आणि मग तोच पत्ता सापळा म्हणून वापरतात.

३. चुकीच्या स्पेलिंगचे पत्ते: सारंगखेड्याच्या यात्रेत स्टॉलवरच्या वहीत ग्राहकाने घाईत ‘जीमेल’मधील ए आणि आय उलटसुलट लिहिले, तर ईमेल भलतीकडेच जातो.

कोणता पत्ता सापळा आहे, हे गुप्त असते. त्यामुळे तेवढेच पत्ते वेचून काढता येत नाहीत. संपूर्ण यादीच स्वच्छ ठेवावी लागते.

यादी स्वच्छ कशी ठेवाल?

• यादी विकत घेऊ नका.
• नवीन पत्त्यावर आधी खात्रीची लिंक पाठवा. ती उघडली, तरच पत्ता यादीत घ्या.
• पत्ता अस्तित्वात नसल्याने ईमेल परत आला, तर तो लगेच काढा.
• सहा महिने प्रतिसाद नसेल, तर एकदा विचारा. उत्तर आले नाही, तर नाव वगळा.
• यादीतून बाहेर पडणे सोपे ठेवा. जीमेलवर दिवसाला ५,००० पेक्षा जास्त ईमेल पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासूनच्या नियमांनुसार जाहिरातींत एका क्लिकची सोय द्यावी लागते. स्पॅमच्या तक्रारीही ०.३ टक्क्यांखाली ठेवाव्या लागतात.

विकतची यादी आधीच वापरली असेल, तर ती थांबवा. ज्यांनी खरेदी केली किंवा स्वतःहून पत्ता दिला, तेवढेच ग्राहक ठेवा. घसरलेली पत हळूहळू सुधारते.