कारच्या बॅटरीवरून मोटारसायकल सुरू करताना

थंडीच्या सकाळी मोटारसायकलची बॅटरी बसली, की आपण शेजाऱ्यांची कार मदतीला घेतो. दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्याच हव्यात. कारचे इंजिन बंद ठेवावे. चालू कारचे चार्जिंग मोटारसायकलच्या वायरिंगला झेपेलच असे नाही.

लाल केबल आधी मोटारसायकलच्या प्लसला, मग कारच्या प्लसला लावावी. काळी केबल कारच्या मायनसला आणि शेवटी मोटारसायकलच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. दोन्ही एकत्र आले तर स्फोट होऊन डोळे जाऊ शकतात.

सुरू होताच केबली उलट क्रमाने काढाव्यात. बॅटरी फुगलेली किंवा तडकलेली असेल, तर आपण हात न लावता मेकॅनिकला बोलवावे.