भिरभिऱ्याचे विमान

जत्रेतून आणलेले कागदी भिरभिरे हातात धरून मूल धावू लागले, की ते आपोआप गरगर फिरू लागते. त्याला किल्ली द्यावी लागत नाही, की बोटाने ढकलावे लागत नाही. समोरून येणारा वाराच त्याला फिरवितो. या क्षुल्लक वाटणाऱ्या खेळण्यात जे तत्त्व दडलेले आहे, त्याच तत्त्वावर मनुष्याला आकाशात नेणारे एक यान चालते. इतकेच नव्हे, तर ते यान अनेक हौशी कारागिरांनी आपल्या घरी, स्वतःच्या हातांनी बांधले आहे. त्या यानाचे नाव जायरोकॉप्टर.

जायरोकॉप्टर हे दिसावयास हेलिकॉप्टरचे धाकटे भावंड वाटते. परंतु दोहोंत मूलभूत भेद आहे. हेलिकॉप्टरच्या डोक्यावरील पाती इंजिन फिरविते. जायरोकॉप्टरच्या डोक्यावरील पात्यांचे चक्र मात्र उड्डाणात वाऱ्यावरच फिरत असते. त्याचे इंजिन मागच्या बाजूस बसविलेल्या पंख्याने यानास केवळ पुढे ढकलते. चक्र थोडे मागे कललेले असल्यामुळे समोरची हवा त्यातून खालून वर जाते, पाती वेगाने फिरतात आणि यानास उचलून धरतात. समजा, आकाशात असताना इंजिन बंद पडले. तरीही यान दगडासारखे कोसळत नाही. ते खाली उतरू लागले, की हवा पुन्हा खालूनच चक्रात शिरते, पाती फिरत राहतात आणि कुशल वैमानिक यान सावकाश भूमीवर आणू शकतो.

ही कल्पना स्पेन देशातील ह्वान दे ला सिएर्वा या अभियंत्याने सिद्धीस नेली. 1919 साली त्याने बांधलेले एक मोठे विमान वेग कमी झाल्यामुळे कोसळले. वेग मंदावला तरी जे पडणार नाही, असे यान निर्माण करण्याचा त्याने ध्यास घेतला. त्याची पहिली याने उड्डाणापूर्वीच एका कुशीवर कलंडत. याचे कारण असे, की यान पुढे धावत असता चक्राच्या एका बाजूचे पाते वाऱ्यास सामोरे जाते, तर दुसऱ्या बाजूचे पाते वाऱ्याबरोबर मागे सरते. पहिल्यास अधिक वारा मिळतो, दुसऱ्यास कमी. म्हणून एक बाजू अधिक उचलली जाते. सिएर्वाने केलेली लहान प्रतिकृती मात्र कलंडत नसे. तिची पाती लवचीक होती, हे त्याच्या ध्यानी आले. तेव्हा त्याने मोठ्या यानाची पाती मुळाशी बिजागरीने जोडली. अधिक वारा मिळालेले पाते आता मोकळेपणी वर उचलले जाई आणि तोल राखला जाई. जानेवारी 1923 मध्ये माद्रिदजवळ त्याचे यान यशस्वीपणे उडाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत कमी उंचीवर त्याचे इंजिन बंद पडले, तरी ते हळुवारपणे भूमीवर उतरले. सिएर्वाच्या श्रमांचे सार्थक झाले. दैवाची विचित्र गती अशी, की 9 डिसेंबर 1936 रोजी इंग्लंडमधील क्रॉयडन येथे त्याचा मृत्यू झाला, तो एका सामान्य प्रवासी विमानाच्या अपघातात.

हे यान घरच्या कारागिराच्या आवाक्यात आणले ते ईगॉर बेन्सन याने. 1917 साली रशियात जन्मलेला हा अभियंता अमेरिकेत स्थायिक झाला होता. 1955 साली त्याने इंजिन नसलेले, मोटारीमागे दोराने ओढावयाचे यान सिद्ध केले आणि पुढे त्यास इंजिनाची जोड दिली. त्याने आपल्या यानांचे आराखडे विकावयास ठेवले व ते हजारो लोकांनी घेतले.

या यानाची रचना पाहिली, म्हणजे तिच्या साधेपणाचे नवल वाटते. ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांचा एक लांब तळदांडा, चाकांसाठी एक आडवा दांडा आणि चक्र पेलणारा एक उभा खांब, एवढाच त्याचा सांगाडा. त्यावर उघडे आसन, आसनामागे इंजिन व पंखा आणि शेवटी दिशा बदलणारे सुकाणू. वर सुमारे 22 फूट व्यासाचे दोन पात्यांचे चक्र असते. ही पाती एकाच दांडीस जोडलेली असून ती दांडी तराजूच्या दांडीप्रमाणे मध्यावर झुलते. सिएर्वाच्या बिजागरीचेच हे सोपे रूप होय. मिनिटास साडेतीनशे फेरे घेणाऱ्या अशा चक्राच्या टोकाचा वेग ताशी सुमारे 440 किलोमीटर भरतो. अशा वेगात एक पाते दुसऱ्याहून थोडेसे जरी जड असले, तरी सारे यान थरथरू लागते. म्हणून पाती पुनःपुन्हा तोलून समतोल करावी लागतात.

बांधणाराची खरी परीक्षा येथेच होते. नळीस पाडलेले छिद्र किंचित तिरके गेले, तर ‘चालेल’ असे म्हणून पुढे जाता येत नाही. ती नळी बाजूस टाकून दुसरी घ्यावी लागते. प्रत्येक बोल्ट ठरलेल्या प्रतीचाच हवा आणि त्याची चाकी सैल होणार नाही, अशी तजवीज हवी. बैलगाडीची धाव निखळली तर गाडी रस्त्यात थांबते. आकाशात थांबावयास जागा नसते.

यान बांधून झाले, म्हणजे ते उडविता आले, असे मात्र नव्हे. इंजिन बंद पडले तरी हे यान सावरते, हे ऐकून कित्येकांना वाटले, की ते चालविणे अगदी सोपे असावे. हा भ्रम काहींच्या प्राणांवर बेतला. या यानाचा सारा आधार चक्रातून खालून वर जाणाऱ्या हवेवर आहे. वैमानिकाने घाबरून हातातील दांडा एकदम पुढे लोटला, तर चक्रावरील भार नाहीसा होतो, हवेचा ओघ तुटतो आणि पाती मंदावतात. त्यातच मागील पंख्याचा जोर नाक खाली दाबू लागला, तर यान उलटते. एकदा मंदावलेले चक्र मग सावरता येत नाही. पुढे ग्लासगो विद्यापीठात या यानांचा अभ्यास झाला. पंख्याच्या जोराची रेषा यानाच्या गुरुत्वमध्याशी जुळती ठेवणे किती महत्त्वाचे आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. शेपटीस योग्य आकाराचा आडवा पंख जोडल्यानेही यान अधिक स्थिर राहते.

म्हणून शहाणा शिकाऊ वैमानिक जाणत्या गुरूबरोबर दोन आसनांच्या यानात पुष्कळ दिवस अभ्यास करतो. त्यानंतर आपले यान तो प्रथम केवळ जमिनीवर पळवितो, मग धावपट्टीवर हात-दोन हात उंच उचलून पुन्हा टेकवितो आणि हात स्थिर झाल्यावरच उंच जाण्याचे धाडस करतो. तत्पूर्वी सरकारी तपासनिसाची संमतीही घ्यावी लागते. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परवानगीवाचून असे यान उडविता येत नाही. हे नियम म्हणजे हौशी माणसाच्या वाटेतील काटे नव्हेत. पूर्वी झालेल्या चुकांतून मिळालेले ते शहाणपण आहे.

बिघडलेल्या इंजिनाची क्षमा करणारे हे यान माणसाच्या उतावळेपणाची क्षमा करीत नाही. ज्याने प्रत्येक छिद्र नीट पाडले, प्रत्येक पाते तोलले आणि शिकण्यात कधी घाई केली नाही, तो एखाद्या शांत सकाळी आपण बांधलेल्या यानात बसून भूमी सोडतो. डोक्यावर पाती भिरभिरत असतात आणि पायांखाली शेते मागे सरत असतात. तेव्हा त्यास पेलून धरणारा वारा लहानपणी त्याचे भिरभिरे फिरविणारा तोच वारा असतो.